सात टक्के

नवा कर्नल सात टक्क्यांनी मंदावला.
म्हणजे असं, की स्मृतीची शंभर पानं मागावीत
तर तेवढ्याच वेळात त्र्याण्णव येतात,
उरलेली सात कुठल्या दारात अडकली
ते सांगायला कुणी नसतं.

मे महिना. फैजपूरला माझ्या खोलीत सेहेचाळीस.
मशीन तापतं, मध्येच दम खातं,
आकडे मापाला उभेच राहत नाहीत :
आत्ता चार, जेवून आल्यावर अकरा,
पहाटे काहीच नाही.
तीन दिवस मी नुसतं ऊन मोजलं.

मामेभाऊ युवराजचं सावद्याला
केळी पिकवायचं चेंबर. सतरा अंश, रात्रंदिवस सतरा.
म्हणाला, आण, पण वास लागेल तुझ्या डब्याला.
गोधडीत गुंडाळून टेम्पोतून नेलं,
हिरव्या क्रेटांच्या भिंतीआड एका उपड्या क्रेटवर मांडलं.
मी बाहेर, वजनकाट्याजवळ,
मध्ये तीस फूट वायर.

सात. सात. सहा पूर्णांक नऊ. सात.

जुना चांगला, नवा वाईट, मध्ये आठ हजार बदल.
बरोबर मधला धरायचा,
बांधायचा, सुरू करायचा, पाचदा पळवायचा.
चांगला निघाला तर चूक पुढे, वाईट तर मागे.
पुन्हा अर्धं.
तेरा वेळा.

सुपडू तायडे रखवालदार, रात्री चहा आणायचे.
'काय हरपलं वो ताई?'
हरपलं काही नाही काका, उशीर होतोय.
'किती?'
मी चुटकी वाजवली.
हिचे एक कोटी तुकडे करा, त्यातले दोन-चार.
ते बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
'अन् याचे पैसे देतात?'

सहाव्या पायरीला कुणीतरी चेंबरचं दार उघडं टाकलं,
चांगल्याला मी वाईट म्हणून बसले
आणि दोन दिवस भलत्याच अर्ध्यात हिंडले.

तेरावी पायरी शुक्रवारी पहाटे.
बदल इतका साधा की दोनदा वाचला.
कुणी किती पानं घेतली त्याचा हिशेब ठेवणारी एक रचना,
तिच्यात आठ बाइटांची पोकळी होती.
ती बुजवली. खालचं नाव वर घेतलं, बस्स.
खाली टीप : आठ बाइट वाचले. वागण्यात फरक नाही.

खरंच होतं ते. आठ वाचलेच होते.
पण प्रोसेसर एकेक बाइट उचलत नाही,
चौसष्टांची अख्खी बाज उचलतो.
उन्हाळ्यात गच्चीवर एका बाजेवर
मी आणि आतेबहीण कुमुद झोपायचो.
ती रात्रभर कूस बदलायची,
मी नुसती पडलेली, तरी दर कुशीला मला जाग.
तसा तो मोजता आकडा, पानागणिक हलणारा,
आणि आता त्याच्याच बाजेवर ती मर्यादा,
जी कधीच बदलत नाही, सगळे फक्त वाचतात.
हा हलला की अठ्ठेचाळीस कोअर
तिला नव्याने विचारतात : तू तीच ना?
तीच. तीच. तीच.

सुपडूकाका दारात उभे.
'तुमच्या मशिनीजवळची केयी पाह्यली?
आधीच पिवयी झाली.
हात बी लावला नाही तिनं.'

मी पोकळी परत केली, आधीपेक्षा मोठी, अख्ख्या बाजेएवढी.
वर एक ओळ लिहिली :
ही जागा मुद्दाम रिकामी आहे, आवरू नये.
आवरणाऱ्याचं नाव शोधलं होतं,
पत्र लिहायला घेतलं, दोष कुठे ठेवावा ते कळेना,
आभार लिहिले.

पाचदा पळवलं. शून्य. शून्य. शून्य पूर्णांक एक. शून्य.
पाचव्याच्या आत युवराज वही घेऊन आला.
अकरा क्रेट एक दिवस आधी पिकले,
गाडी उद्याची आहे, आज कोण घेणार.
तुझ्या नावावर मांडलेत, म्हणाला,
आणि मी वायर गुंडाळेपर्यंत
दोन फण्या माझ्या पिशवीत घातल्या.